पेपर वाचायचे पैसे कोण देणार?

"ताई, माझं एम.फार्म. झालंय. मुंबईत एका सीआरओमध्ये (कंपन्यांसाठी औषधांच्या ट्रायल चालवणारी संस्था) चार वर्षं फार्माकोव्हिजिलन्समध्ये, म्हणजे पीव्हीमध्ये, औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवायच्या कामात होते, मुलगी झाली, नवऱ्याची बदली झाली आणि आता सांगलीत घरूनच फ्रीलान्स मेडिकल रायटिंग करते. एका वेबसाइटला रोज दोन हेल्थ न्यूज देते, शब्दाला साठ पैसे. ते प्रेस रिलीज पाठवतात, त्याचे पाचशे शब्द करायचे. मागे वजन कमी करायच्या इंजेक्शनवर लिहिलं, हेडलाइन त्यांचीच, 'हार्ट अटॅकचा धोका २० टक्क्यांनी कमी!' ती वाचून माझे चुलत सासरे डॉक्टरांकडे इंजेक्शन मागायला गेले. वय ६२, अंगाने सडपातळ, हृदयाचा काही त्रास नाही, फक्त वडील अटॅकने गेले म्हणून भीती. डॉक्टरांनी परत पाठवलं, पण माझी झोप उडालीय. एडिटर म्हणतात मूळ पेपर वाचायला वेळ कुणाला आहे. आता म्हणतायत एआयकडून ड्राफ्ट काढ, तू फक्त बघ, रेट निम्मा. दुसरीकडे एका एजन्सीने विचारलंय, एका मोठ्या डॉक्टरांच्या नावाने रिव्ह्यू आर्टिकल (एका विषयावरच्या अभ्यासांचा आढावा घेणारा जर्नलमधला लेख) लिहून द्यायचं, पैसे चांगले, पण माझं नाव कुठेच येणार नाही. काय करू?
स., सांगली"

प्रिय स.,

तुझ्या चुलत सासऱ्यांपासून, म्हणजे काकांपासूनच सुरू करते, कारण तुझे बाकीचे प्रश्न त्यातूनच निघतात. डॉक्टरांनी त्यांना परत पाठवलं, विषय संपला, झोप घालवू नकोस. पण ती हेडलाइन एकदा मूळ पेपरच्या शेजारी ठेवून बघ.

तू ज्या ट्रायलवर, म्हणजे औषधाच्या चाचणीवर लिहिलंस ती 'सिलेक्ट' नावाची असणार, सेमाग्लुटाइड या वजन कमी करायच्या इंजेक्शनची, नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आली होती. लोक १७,६०४. सगळे ४५ किंवा त्यावरचे, सगळ्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २७ किंवा जास्त, डायबेटिस कुणालाच नाही, आणि मुख्य म्हणजे एकूणएक जणांना आधीच अटॅक नाहीतर स्ट्रोक येऊन गेलेला किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेला. म्हणजे काका या ट्रायलच्या दारातूनही आत गेले नसते. आता आकडे. साधारण ४० महिन्यांत प्लासिबोवाल्यांपैकी (ज्यांना औषध नसलेलं इंजेक्शन दिलं ते) ८ टक्के लोकांना हृदयविकाराने मृत्यू, अटॅक किंवा स्ट्रोक यातलं काहीतरी झालं, औषधवाल्यांमध्ये साडेसहा टक्के लोकांना. ८ चे ६.५ झाले, तेच ते २० टक्के. शंभर माणसं धरलीस तर दीड माणूस. उलटं मांडायचं तर साधारण ६७ जणांनी तीन वर्षांच्या वर दर आठवड्याला इंजेक्शन टोचून घेतलं तर त्यातल्या एकाचं संकट टळतं.

आणि गंमत बघ, ते २० टक्के नुसत्या हार्ट अटॅकचे नाहीतच, ते मृत्यू, अटॅक आणि स्ट्रोक तिन्हींची मोट बांधलेला आकडा आहे. जीव वाचलेले अटॅक तेवढे वेगळे काढले तर घट २८ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि हृदयविकाराच्या मृत्यूंमधला फरक एकटा बघितला तर तो संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरलाच नाही. म्हणजे हेडलाइन फुगवलेली होती असंही धड म्हणता येत नाही, ज्याने लिहिली त्याला तो आकडा कशाचा आहे हेच माहीत नव्हतं. शिवाय त्रास झाला म्हणून औषध सोडणारे १६.६ टक्के, प्लासिबोत ८.२, बहुतेकांच्या तक्रारी पोटाच्या. हे तुझ्या प्रेस रिलीजमध्ये किती ओळींत होतं ते तूच शोध.

औषध वाईट आहे असं मी म्हणत नाही हां. एकदा अटॅक येऊन गेलेल्या जाड माणसाला शंभरात दीड हा फरक चांगलाच आहे, माझ्या घरात असा कोणी असता तर मी डॉक्टरांशी बोलले असते. पण मार्च २०२५ ला मौंजारो हे तसलंच दुसरं इंजेक्शन आपल्याकडे आलं, जूनमध्ये वेगोवी, म्हणजे सेमाग्लुटाइडच, आलं, आणि सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचंच होतं, त्यामुळे इथल्या कंपन्या आधीपासून बाह्या सरसावून बसल्या होत्या. अशा बातम्यांचा आता पूर आहे आणि प्रत्येक बातमीच्या दुसऱ्या टोकाला कुणाचे तरी काका आहेत.

मग ही बातमी लिहायची कशी. मी असते तर पहिलं वाक्य असं टाकलं असतं: "ज्यांना आधी हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक येऊन गेलाय आणि ज्यांचं वजन जास्त आहे पण डायबेटिस नाही, अशा लोकांनी हे इंजेक्शन तीन-सव्वातीन वर्षं घेतलं तेव्हा पुन्हा असा झटका येण्याचं किंवा हृदयविकाराने मृत्यूचं प्रमाण शंभरात आठवरून साडेसहावर आलं." लांबलचक आहे, मान्य, पण काकांनी एवढंच वाचलं असतं तर "हे आपल्यासाठी नाही" हे त्यांना दारातच कळलं असतं. दुसऱ्या वाक्यात पैसे कुणी घातले ते (औषध बनवणाऱ्या नोव्हो नॉर्डिस्कने), तिसऱ्यात साइड इफेक्ट. मग २० टक्के लिहायचे असतील तर खुशाल लिही.

आता तुझ्या एडिटरांचं. वेळ कुणाला आहे म्हणतात ते खरंच बोलतायत गं, त्यांनी तुला जो रेट दिलाय त्यात वाचायचा वेळ धरलेलाच नाही. पाचशे शब्दांचे तीनशे रुपये. एक ट्रायल पेपर धड वाचायला, तुझ्यासारख्या माहितगार बाईलासुद्धा, सुरुवातीला दीड-दोन तास जातात, हात बसला की पाऊण तासावर येतं, मग लिहायचं, मग आकडे परत ताडून बघायचे. तू रोज दोन करतेस म्हणजे वाचत नाहीयेस आणि त्यात तुझा दोष नाही, सहाशे रुपयांत दोन पेपर वाचायला बसलीस तर मुलीच्या डब्याचीही पंचाईत होईल. तुला नीतिमत्तेची टोचणी लागलीय असं तुला वाटतंय, मला मात्र पत्र वाचताना हा सरळसरळ रेटचा प्रश्न दिसला.

कारण तू विकतेस काय? शब्द तर आता फुकट मिळतात. तुझ्याकडे जे आहे ते म्हणजे पेपर उघडल्यावर टेबल एक आणि टेबल दोन वाचता येणं, कंपोझिट एंडपॉइंट (वरच्यासारखा, अनेक परिणामांची मोट बांधलेला आकडा) ओळखता येणं, सीरियस अ‍ॅडव्हर्स इव्हेंट, गंभीर त्रासाची घटना, म्हणजे काय ते झोपेतही सांगता येणं. चार वर्षं तू तेच केलंयस. आणि नेमकं तेच तू या वेबसाइटला देत नाहीयेस, कारण ते मागत नाहीत आणि त्याचे पैसेही देत नाहीत.

वाचायचा माझा क्रम सांगते, घेण्यासारखा वाटला तर घे. अ‍ॅब्स्ट्रॅक्टचं शेवटचं वाक्य मी शेवटीच वाचते, कारण ते डोक्यात बसलं की बाकीचा पेपर आपण त्याच चष्म्यातून वाचतो. आधी लोक कोण होते ते टेबल. मग प्रायमरी एंडपॉइंट, म्हणजे मुख्य मोजायचा परिणाम, काय ठरवला होता, आणि तो ट्रायल सुरू व्हायच्या आधी रजिस्ट्रीत, म्हणजे ट्रायलच्या जाहीर नोंदवहीत, तसाच लिहिला होता का, क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्हला पाच मिनिटांत दिसतं, भारतातली ट्रायल असेल तर सीटीआरआय या आपल्याकडच्या नोंदवहीवर, जून २००९ पासून तिथे नोंदणी सक्तीची आहे. मग दोन्ही गटांतले कच्चे आकडे, टक्के मी माझे मी काढते. मग साइड इफेक्टचं टेबल. मग पैसा कुणाचा. आणि मेडआर्काइव्हवरचा प्रीप्रिंट (जर्नलमध्ये येण्याआधीच टाकलेला पेपर) असेल तर तो अजून पीअर रिव्ह्यूमधून, म्हणजे इतर तज्ज्ञांच्या तपासणीतून, गेलेला नाही हे बातमीत वरच्या भागात यायलाच हवं, तळाला नाही. उंदरांवरचा अभ्यास असेल तर हेडलाइनमध्ये "उंदरांमध्ये" हा शब्द पाहिजे. या एका शब्दावर एडिटर किती भांडतात ते तुला कळेलच.

एडिटरांशी बोलताना एक दाखला जवळ ठेव. २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये कार्डिफच्या मंडळींचा अभ्यास आला होता, २० ब्रिटिश विद्यापीठांची ४६२ प्रेस रिलीज, त्यांचे मूळ पेपर आणि त्यावरून आलेल्या बातम्या, सगळं शेजारीशेजारी ठेवून तपासलेलं. ४० टक्के रिलीजमध्ये पेपरात आहे त्यापेक्षा जास्तीचा सल्ला, ३३ टक्क्यांत नुसत्या संबंधाला थेट कारण करून टाकलेलं, ३६ टक्क्यांत प्राण्यांवरचं माणसांवर ढकललेलं. म्हणजे अतिशयोक्ती बऱ्याचदा पत्रकाराच्या आधी, विद्यापीठाच्या प्रसिद्धी विभागातच होऊन गेलेली असते. रिलीजमध्ये उंदरांचं माणसांवर ढकललं होतं तिथे ८६ टक्के बातम्यांनीही तेच केलं, रिलीज सरळ होतं तिथे १० टक्क्यांनी. आणि तुझ्या एडिटरांच्या कामाची गोष्ट ही की फुगवलेल्या रिलीजला बातम्या जास्त मिळाल्या असंही काही दिसलं नाही. फुगवून जास्त छापून येतं हा समज त्या आकड्यांत टिकत नाही. त्यांना क्लिक्सची भाषा कळते ना, मग याच भाषेत सांग.

मूळ धोका न सांगता नुसत्या 'इतक्या टक्क्यांनी कमी-जास्त' अशा सापेक्ष टक्क्यांनी काय होतं ते हवं असेल तर ऑक्टोबर १९९५ चं ब्रिटन. तिथल्या औषध-सुरक्षा समितीने इशारा दिला की नव्या, तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो. दुप्पट, म्हणजे शंभर टक्के वाढ. बायकांनी धडाधड गोळ्या सोडल्या. प्रत्यक्षात धोका साधारण ७००० बायकांत एकीवरून दोघींवर गेला होता. पुढच्या वर्षात इंग्लंड आणि वेल्समध्ये गर्भपात अंदाजे १३,००० नी वाढले, आणि गर्भारपणात गुठळ्यांचा धोका त्या गोळीपेक्षा जास्तच असतो. "दुप्पट" हा शब्द खोटा नव्हता, फक्त कशाच्या दुप्पट ते कुणी मोठ्याने सांगितलं नाही.

आणि चॉकलेटवालं तर तुला माहीतच असेल, २०१५ मध्ये एका पत्रकाराने मुद्दाम १५ जणांवर १८ गोष्टी मोजल्या, काहीतरी जमणारच होतं, जमलं, "डार्क चॉकलेटने वजन लवकर उतरतं" असा पेपर पैसे घेऊन छापणाऱ्या जर्नलमध्ये छापून आणला आणि जगभर बातमी झाली. लोक किती होते हे विचारणारे बातमीदार जवळपास नव्हतेच. आपल्याकडेही ती फिरली असणार, गोड बातमी कोण सोडतं.

आता एआय. मी स्वतः वापरते, सोवळं काही नाही, इंग्रजी वाक्य मोकळं करायला, लांब गाइडलाइनमध्ये एखादी गोष्ट कुठे आहे ते शोधायला. पण "एआयचा ड्राफ्ट, तू फक्त बघ, रेट निम्मा" हा सौदा मी घेणार नाही, आणि कारण अगदी व्यवहारी आहे. हे टूल नसलेले संदर्भ असल्यासारखे देतं, लेखकांची नावं खरी, जर्नल खरं, पेपरच नाही. आकडा बरोबर पण गट उलटा, असंही होतं, आणि ते वाचताना इतकं गुळगुळीत वाटतं की डोळा अडत नाही. म्हणजे प्रत्येक आकडा मूळ पेपरला लावून बघायचा, म्हणजे पेपर वाचायचाच आहे, वर दुसऱ्याने निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला बसायचं. वेळ वाचला फक्त टायपिंगचा, आणि टायपिंग हा तुझ्या कामातला सगळ्यात स्वस्त भाग. जबाबदारी मात्र पूर्ण तुझी. त्यांना सांग की फॅक्ट-चेकचा रेट वेगळा, तासावर, आणि तो लिहिण्यापेक्षा कमी नाही. नाही म्हणाले तर जाऊ दे.

एक गोष्ट मात्र पक्की, कंपनीचं अप्रकाशित काही, पेशंटचं नॅरेटिव्ह (एकेका पेशंटला काय त्रास झाला त्याची हकिकत), अर्धवट सीएसआर (ट्रायलचा सविस्तर अहवाल), असलं काही उघड्या एआय टूलमध्ये पेस्ट करायचं नाही, क्लायंटने लेखी परवानगी आणि स्वतःचं बंदिस्त टूल दिल्याशिवाय. तू पीव्हीमधली आहेस, तुला गोपनीयतेबद्दल सांगायला नको, पण घरून काम करताना रात्री अकराला डोळे मिटत असतात तेव्हा हे होतं.

डॉक्टरांच्या नावाचा रिव्ह्यू. इथे मी जरा जास्त वेळ थांबणारे, कारण पैसे चांगले आहेत असं तू लिहिलंयस आणि त्यावरून मन अर्धं झालंय हे कळतं.

मेडिकल रायटरने दुसऱ्यांचा पेपर लिहायला मदत करणं यात काहीही गैर नाही, आमच्यातल्या निम्म्या जणींचं घर त्यावर चालतं. पण त्याची रीत आहे. लेखक कोण याचे आयसीएमजेईचे (वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती) चार निकष आहेत आणि चारही लागतात: कामाच्या आखणीत किंवा माहिती मिळवण्यात, तिचा अर्थ लावण्यात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात डोकं घालून बदल करणं, छापायच्या आधी शेवटची मंजुरी, आणि उद्या प्रश्न आला तर उत्तर द्यायची तयारी. रायटर बहुतेक वेळा या चारांत बसत नाही, म्हणून तिचं नाव शेवटी आभारांमध्ये येतं, कुणी लिहायला मदत केली आणि त्याचे पैसे कुणी दिले ते. नाव आलं की ते उजेडातलं काम. नाव लपवलं, आणि वर ज्यांचं नाव छापायचं त्या डॉक्टरांनी पीडीएफ फक्त फॉरवर्ड केली, की ते घोस्टरायटिंग.

त्याचं काय होतं याचे दोन नमुने सगळ्यांसमोर आहेत. २००२ मध्ये अमेरिकेतली विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हची एक मोठी ट्रायल मधेच थांबवली, पाळी गेल्यावर घ्यायच्या इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन गोळ्यांची. दहा हजार बायकांमागे वर्षाला ८ जास्तीचे स्तनाचे कॅन्सर, ७ जास्तीचे हृदयविकाराचे प्रसंग. (हे आकडेही तेव्हा २६ टक्के, २९ टक्के असे छापून आले आणि बायका इतक्या घाबरल्या की ज्यांना या गोळ्यांचा खरंच उपयोग होता त्यांनीही सोडल्या, तो वाद अजून मिटलेला नाही.) पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २००९ मध्ये कागद उघड झाले, त्यात दिसलं की गोळ्या बनवणाऱ्या वायेथने एका रायटिंग एजन्सीकडून गोळ्यांची भलामण करणारे लेख लिहून घेतले होते आणि ते नामांकित डॉक्टरांच्या नावाने जर्नलमध्ये आले होते. बरेचसे रिव्ह्यू आर्टिकल. अगदी तुला मागितलंय तेच.

दुसरं, पॅरोक्सेटिन या डिप्रेशनवरच्या औषधाची, 'स्टडी ३२९' नावाची ट्रायल. कुमारवयीन मुलांच्या डिप्रेशनवर औषध चालतं आणि सोसतं असा पेपर २००१ मध्ये आला, बावीस लेखकांची नावं, मसुदा मात्र कंपनीने पैसे देऊन लिहून घेतलेला. २०१५ मध्ये दुसऱ्या टीमने मूळ डेटा उघडून परत मांडला, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला, निष्कर्ष उलटा, फायदाही नाही आणि आत्महत्येच्या विचारांसकट त्रास जास्त. मुलांवरचं औषध होतं हे. तो पहिला मसुदा कुणीतरी अशीच डेडलाइन सांभाळत, टेबलावर बसून टाइप केला होता.

म्हणून एजन्सीला मेल कर, फोन नको, लेखी हवं. आभारांमध्ये माझं नाव आणि पैसे देणाऱ्याचं नाव येणार का? डॉक्टर आराखडा ठरवायला कॉलवर बसणार का आणि मसुद्यावर स्वतः शेरे देणार का? आर्टिकलमागे कोणती कंपनी आहे? "हो" आलं तर घे काम, मन लावून कर, चांगलं काम आहे आणि सहा महिन्यांत शिकशील तेवढं कुठे शिकणार नाहीस. गोलगोल उत्तर आलं, "ताई ते नंतर बघू" वगैरे, तर नको. जर्नलमधला रिव्ह्यू वाचून कुठला तरी डॉक्टर प्रिस्क्रिप्शन लिहितो. डॉक्टरांच्या भाषणाच्या स्लाइड्स, क्लिनिकचं पत्रक, वेबसाइटचं पान हे त्यांच्या नावाने लिहून द्यायला माझी हरकत नाही, ते तपासून घेणार असतील तर. दिवाळी अंकातला डॉक्टरांचा लेख? तिथे माझंच मत दर वर्षी बदलतं.

मग पैसे कुठून आणायचे. तुझं पीव्ही तू पत्राच्या सुरुवातीलाच लिहिलंस आणि पुढे विसरूनच गेलीस. सेफ्टी नॅरेटिव्ह, पीएसयूआर (औषधाच्या सुरक्षेचा ठरावीक काळाने द्यायचा अहवाल), लिटरेचर स्क्रीनिंग (छापून आलेल्या पेपरांतून दुष्परिणाम शोधणं), थोडं शिकलीस की सीएसआर, ज्याचा साचा आयसीएच ई३ या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये ठरलेलाच आहे, ही सगळी कामं फ्रीलान्सरना जातात आणि सांगलीत बसून होतात. जुन्या ऑफिसातल्या, आता दुसरीकडे गेलेल्या मैत्रिणींना आधी फोन कर, लिंक्डइनवर प्रोफाइल चकचकीत करण्यापेक्षा त्याने लवकर काम मिळतं. आणि दुसरं भांडवल मराठी. २०१९ च्या क्लिनिकल ट्रायलच्या नियमांप्रमाणे माणसाला कळेल अशा भाषेत माहिती देऊन संमती घ्यावी लागते, म्हणजे महाराष्ट्रात ट्रायल असली की मराठी संमतीपत्रं लागतात, त्यांचा उलट अनुवाद लागतो, एथिक्स कमिटीने सुचवलेले बदल लागतात. यातली जी संमतीपत्रं मी बघितलीत ती वाचून शिकलेल्या माणसालाही घाम फुटेल, "यादृच्छिकीकरण" काय आणि काय काय. "कुणाला औषध आणि कुणाला प्लासिबो ते नाणेफेकीसारखं ठरेल" असं लिहिणारी माणसं कमी आहेत. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट वाढले तेव्हा हेच दिसलं, पाणी उकळून प्या एवढं सांगायला दोन पानं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तोवर पनीरपासून लसीपर्यंत सगळे आरोपी झाले होते.

रेट मी सांगत नाही, तू काढ. समज घरात महिन्याला ५०,००० यायला हवेत आणि मुलगी, मेल, कामं शोधणं, बिलांच्या मागे लागणं हे सगळं वजा जाता महिन्यात ८० तास खरे कामाचे उरतात. तासाला ६२५ झाले. पेपर वाचून लिहिलेल्या एका बातमीला अडीच तास धरले तर दीड हजाराच्या वर जातं. तीनशे आणि पंधराशे, हा फरक डोळ्यांसमोर ठेव, मग घासाघीस कर. तुझी वेबसाइट पंधराशे देणार नाही, माहितीये मला. पण त्यांना असं सुचव की रोज दोन नको, आठवड्याला दोन, पेपर वाचून, कच्च्या आकड्यांसकट, रेट नगावर आणि हेडलाइन छापायच्या आधी मला दाखवायची. काही एडिटर ऐकतात, खरंच, आकड्यात चूक निघाल्याची तक्रार त्यांनाही नको असते. नाही ऐकलं तर पहिलं पीव्हीचं काम हातात येईपर्यंत रोज एक चालू ठेव आणि तेवढी एक तरी वाचून लिही, लगेच राजीनामा वगैरे देऊन मोकळी होऊ नकोस.

कागदपत्रांचं थोडक्यात. वर्षाला एका क्लायंटकडून ५०,००० च्या वर गेलं की ते १० टक्के टीडीएस कापतात, ते परत मिळवायला रिटर्न भर, सीए गाठ. जीएसटी २० लाखांपर्यंत लागत नाही, तिथे पोचलीस की मला पेढे. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) मात्र आजच करून टाक, ऑनलाइन आहे, फुकट आहे, सेवा देणाऱ्या एकट्या माणसालाही मिळते, आणि मग कायद्याने ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, नाही दिले तर चक्रवाढ व्याज आणि सरकारी पोर्टलवर तक्रार. बिलाच्या तळाला उद्यम नंबर छापला की काही अकाउंटंट एकदम गोड बोलायला लागतात. इन्व्हॉइसवर किती दिवसांत पैसे ते लिहायचं, नव्या क्लायंटकडून निम्मे आधी, आणि काम अर्ध्यात रद्द झालं तर काय मिळेल तेही मेलमध्ये आधीच.

आणि हो, त्या वेबसाइटकडे तुझं किती बिल थकलंय ते तू लिहिलं नाहीस. थकलं असेल तर आधी ते खात्यात येऊ दे, रेटचा मेल त्यानंतर पाठव.

तुझी,
ताई